थंडीत पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरतं: इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासावं

तुमची तक्रार थोडक्यात अशी: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, आठ वर्षं जुनी. थंडी पडली की सकाळचा पहिला स्टार्ट खराब होतो. सेल्फ मारल्यावर इंजिन लागतं, पण थरथरतं, आरपीएम खालीवर होतो, कधी एकदा बंदही पडतं. मिनिट-दीड मिनिटात सगळं सुरळीत होतं आणि मग दिवसभर काही त्रास नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, फरक शून्य. आता चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे पार्ट) बदला असं सांगितलं आहे, तर बदलावेत का?

अजून नाही. इंजेक्टर दोषी असूही शकतात, पण तसं म्हणायला आज कोणाकडेही पुरावा नाही. पुरावा का नाही, तेही सांगतो. हा दोष रात्रभर थंड झालेल्या इंजिनातच दिसतो आणि तोही पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत. तुम्ही गाडी चालवत गॅरेजला नेता तेव्हा कूलंट ९० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं आणि दोष गायब झालेला असतो. समोर दोषच नसेल तर मेकॅनिक तपासणार काय? मग तो अंदाजाने जातो: आधी प्लग, मग थ्रॉटल बॉडी, मग इंजेक्टर. यात त्याची लबाडी असतेच असं नाही, पण तुमचे पार्ट मात्र उगाच बदलले जातात. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ स्कॅनर लावून मारायचा, असं आधीच ठरवून घ्या. त्याआधी सेल्फ मारून कोणी गाडी आत-बाहेर केली, तर तो दिवस वाया गेला म्हणून समजा. बरीचशी तपासणी तुम्ही घरीही करू शकता. साधा मल्टिमीटर आणि मोबाइलला जोडता येणारं ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं उपकरण) एवढं पुरतं.

आधी थंडीत इंजिनचं नेमकं काय होतं ते पाहू, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागेल. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन थंड असलं की इंजेक्टरने फवारलेल्या पेट्रोलचा बराच भाग इनटेक पोर्टच्या (हवा आत जाण्याच्या वाटेच्या) आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर चिकटून राहतो. हवेत मिसळून जळायला उरतो तो थोडासाच. ही तूट भरून काढण्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पहिल्या काही सेकंदांत मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि इंजिन तापत जाईल तसं ते कमी करत आणतो. गरम इंजिनाला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरतं, थंड इंजिनाला त्याहून बरंच गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिश्रण लागतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर काम आणखी अवघड होतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, शिवाय ७८ अंशांखाली ते उकळत नाही, तर पेट्रोलमधले हलके घटक त्याच्या कितीतरी आधी उडून जातात.

म्हणजे पहिल्या स्टार्टला इंजिन एका नाजूक हिशेबावर चाललेलं असतं. गरम झाल्यावर जी बारीक चूक इंजिन सहज पचवतं, तीच चूक थंडीत थरथर म्हणून बाहेर येते. तुमचा दोष दिवसभर दिसत नाही याचा अर्थ तो दिवसभर नसतो असा नाही. थोडी गळणारी हवा, थोडा चुकीचा सेन्सर, जरा अशक्त कॉइल (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी) हे सगळं दुपारीही तसंच असतं, फक्त झाकलेलं असतं.

यातला काही भाग अगदी नॉर्मल आहे, त्याला दोष समजू नका. थंड इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर चालणं, सायलेन्सरचा आवाज नेहमीपेक्षा घोगरा येणं, मागून पांढरट वाफ आणि थोडं पाणी येणं, हे अर्धा-एक मिनिट व्हायलाच हवं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू स्पार्क मुद्दाम उशिरा देतो आणि त्यामुळे आवाज बदलतो. आरपीएम स्थिर असेल, पण स्टीअरिंग आणि सीट हलत असतील, तर इंजिन माउंट पाहा. थंडीत माउंटचं रबर कडक होतं आणि एरवी गिळली जाणारी कंपनं थेट बॉडीत येतात. आरपीएमचा काटा नाचतो का, आवाजात ताल चुकतो का, यावर बारीक लक्ष द्या. तुमच्या गाडीत आरपीएम खालीवर होतो आणि ती बंदही पडते, म्हणजे नुसतं माउंटचं प्रकरण नाही.

आता घड्याळाकडे. थरथर नेमकी कधी सुरू होते आणि कधी थांबते, हे मला इतर कुठल्याही माहितीपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. उद्या सकाळी मोबाइलवर पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ काढा, मीटर दिसेल आणि इंजिनचा आवाज ऐकू येईल असा. सेल्फच ओढत, जड फिरत असेल तर बॅटरी, केबल, ऑइल. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन लागायला चार-पाच सेकंद घेतं, तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतो आहे. इंजिन लगेच लागतं पण पहिल्या क्षणापासून एक सिलिंडर मिस मारतो, म्हणजे त्यात पेट्रोल पेटत नाही, आणि अर्ध्या मिनिटात मोकळं होतं, तर त्या सिलिंडरमध्ये रात्रभर काहीतरी द्रव साचत असावा, पेट्रोल किंवा कूलंट, नाहीतर त्याची कॉइल अशक्त असावी. आणि पहिले दहा-वीस सेकंद छान चालून मग लडखडायला लागतं, तर सुरुवातीचं जादा पेट्रोल ओसरल्यावर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, पडतं आहे. तिथे हवेची गळती किंवा चुकीचं तापमान सांगणारा सेन्सर, हे दोन संशयित.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करा, सेल्फ चांगला फिरतो असं वाटत असलं तरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी दार उघडायच्या आधी मोजली तर १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.४ म्हणजे तीन-चतुर्थांश चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. त्यानंतर मीटर जोडलेलाच ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये, दहाच्या वर टिकलं तर उत्तम. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो, दोन्ही बाजूंनी ओढ. अशक्त बॅटरीने सेल्फ फक्त हळू फिरतो, असा पुष्कळांचा समज असतो, पण इंजिन खडबडीत लागायलाही ती कारण होते. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि कॉइल पुरती भरत नाही, म्हणजे ठिणगी नेमकी हवी असते तेव्हाच कमजोर मिळते.

बॅटरी बरी निघाली तर एक मिनिट अर्थिंगला द्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना मीटर ०.२ व्होल्टच्या आसपास राहावा. ०.५ किंवा जास्त दिसला तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. घासून, आवळून पाहा. आठ वर्षांच्या गाडीत हे अजिबात दुर्मीळ नाही आणि याला एकही पार्ट लागत नाही.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती दहा सेकंदांची आहे आणि तीच बहुतेक वेळा केलेली नसते. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, सेल्फ न मारता, फक्त इग्निशन ऑन करा आणि डोंगलवर दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान. सात-आठ तास उभ्या राहिलेल्या इंजिनात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे हे दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या तीन-चार अंशांत असायला हवेत. बाहेर ८ अंश आहेत, इनटेक ९ सांगतो आहे आणि कूलंट सेन्सर २६ सांगतो आहे, तर चोर सापडला. ईसीयूला वाटतं इंजिन फारसं थंड नाही, म्हणून तो जादा पेट्रोल हात आखडून देतो आणि मिश्रण पातळ पडतं. इंजिन तापल्यावर हाच सेन्सर ८८ च्या जागी ९० सांगेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

अशा वेळी चेक इंजिनचा दिवा का लागत नाही, हा प्रश्न रास्त आहे. सेन्सरची वायर तुटली तर ईसीयूला उणे ४० सारखा अशक्य आकडा दिसतो आणि तो लगेच कोड टाकतो. पण २६ अंश हा अशक्य आकडा नाही. सेन्सर खोटं बोलतो आहे, पण शक्य कोटीतलं, त्यामुळे ईसीयू त्यावर विश्वास ठेवतो. काही गाड्या बराच वेळ उभ्या राहिल्यावर दोन्ही सेन्सरची तुलना करून फरक पकडतात, पण सगळ्याच तसं करत नाहीत. दिवा नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं म्हणूनच धरू नका. खात्री करायची असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून त्याचा रेझिस्टन्स मोजा. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशांना दोन ते तीन किलोओहम, शून्याला पाच-सहा किलोओहम आणि ९० अंशांना दोन-तीनशे ओहमच्या घरात असतो. नेमका तक्ता तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. रेझिस्टन्स बरोबर आणि स्कॅनरवरचा आकडा चूक, असं निघालं तर दोष सेन्सरचा नाही, वायरिंगचा किंवा कनेक्टरच्या पिनांना चढलेल्या हिरव्या गंजाचा आहे. उलटा प्रकारही होतो: सेन्सर खऱ्यापेक्षा थंड सांगतो. मग पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

इग्निशन ऑन असतानाच आणखी एक प्रयोग होतो. मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज येतो, तो लाइनमध्ये दाब भरतो आहे. किल्ली बंद करा, पुन्हा ऑन करा, पुन्हा थांबा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबलं की इग्निशन ऑनपर्यंत जाता येतं. असं केल्यावर स्टार्ट स्पष्टपणे सुधारला, तर रात्रीत दाब उतरतो आहे हे नक्की झालं. पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरबाहेर, इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत तो साधारण ३ ते ४ बार असतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच काळ टिकायला हवा. तो उतरतो दोन वाटांनी: टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारी झडप) परत सोडतो, किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतो.

या दोहोंत फरक करायला सोपी खूण आहे. चेक व्हॉल्व्हने दाब सोडला तर पेट्रोल टाकीत परत जातं, इंजिन कोरडं राहतं आणि फक्त उशिरा लागतं. इंजेक्टर ठिबकला तर पेट्रोल इंजिनात साचतं. लागताना एक सिलिंडर गुदमरतो, मागून काळपट भपकारा आणि पेट्रोलचा वास येतो. त्यावर पुढची परीक्षा अशी की ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत याने ईसीयू पेट्रोल तोडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं बाहेर जायला वाट मिळते. इंजिन लागताक्षणी पाय काढा. अशा पद्धतीने ते जास्त चांगलं लागलं तर पेट्रोल जास्त होत होतं. इंजेक्टर बदला म्हणणाऱ्याने मला एवढं दाखवलं तर मी ऐकेन. पण तेव्हाही चारही बदलायची गरज नाही. रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) इंजेक्टरसकट बाहेर काढून दाब देऊन एक मिनिट पाहिलं की कोणाच्या तोंडाशी थेंब धरतो ते डोळ्यांना दिसतं. ज्याच्या तोंडाशी थेंब, तो साफ करून बघायचा, नाही सुधारला तर तो एकच बदलायचा.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल एक वाक्य इथेच, कारण त्यांचा थंडीतला त्रास पुष्कळदा इथून येतो: अशी गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि तापली की गॅसवर जाते, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं, त्याचे हलके घटक उडून जातात आणि इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा धरतो. टाकीत थोडंच ताजं पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवरच चालवा.

आता ज्या कारणाची मला खरी काळजी वाटते त्याकडे येतो: कूलंट सिलिंडरमध्ये झिरपणं. हेड गॅस्केटमध्ये (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधल्या सीलमध्ये) केसाएवढी वाट झाली असेल, तर इंजिन बंद केल्यावर गरम कूलंटचा दाब अजून टिकून असतो आणि तो रात्रीत चमचाभर कूलंट एका सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी तो सिलिंडर ओल्या प्लगने सुरू होतो. पंधरा-वीस सेकंद मिस मारतो, गोडसर वासाची दाट पांढरी वाफ सोडतो आणि मोकळा होतो. गाडी गरम होत नाही, ऑइलमध्ये पाणी दिसत नाही, म्हणून गॅस्केटचं नाव कोणी काढतच नाही. कूलंटच्या बाटलीवर आज मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहा. आठवड्याभरात बोटभर उतरली आणि बाहेर कुठे ओल नाही, तर ते इंजिनातच जातं आहे.

पक्कं करायला बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, लागतो. आदल्या संध्याकाळी इंजिन निवल्यावर कूलिंग सिस्टिमला टेस्टरने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी सेल्फ न मारता प्लग काढून भोकातून कॅमेरा सोडायचा. तीन पिस्टनचे माथे काजळीने मॅट काळे आणि एकाचा माथा घासल्यासारखा स्वच्छ, धातूची चमक दिसणारा, त्यावर एखादा रंगीत थेंब. वाफेने तो पिस्टन रोज धुतला जात असतो. हे एकदा पाहिलं की वादाला जागा उरत नाही. असा संशय असताना सेल्फ मारल्यावर इंजिन धाडकन अडलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये द्रव जास्त असेल तर तो दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी ते बाहेर काढायला हवं.

हवेच्या गळतीत थंडीचा वाटा वेगळा आहे. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमचे पाइप, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकला नेणारी) नळी, हे सगळं रबर जुनं झालं की थंडीत आखडतं, फट पडते आणि इंजिन तापलं की फुगून फट बुजते. म्हणून गरम इंजिनावर केलेली स्मोक टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधणं) पास होते. ती थंड इंजिनावरच करून घ्या. डोंगलवर फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट, पाहता येतो: आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला तो खाली येतो, तर हवा आत शिरते आहे. उलट आरपीएमबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा कमी किंवा एअर फ्लो सेन्सर मळलेला. गळती शोधायला इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याची पद्धत मी कोणालाही सुचवत नाही. एका उघड्या ठिणगीने बॉनेटखाली आग लागते.

ऑक्सिजन सेन्सर या तक्रारीत विनाकारण बळी जातो. तो पुरेसा तापेपर्यंत ईसीयू त्याचं ऐकतच नाही. हीटर असला तरी त्याला काही क्षण लागतात आणि तोवर इंजिन ठरलेल्या तक्त्यावर चालतं. पहिल्या पाच सेकंदांची थरथर त्याच्या गळ्यात थेट घालता येत नाही.

प्लग तुम्ही बदललेत, पण गॅप मोजली होती का? गाडीनुसार ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि थंडीत घट्ट, थंड मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. बसवताना पांढऱ्या सिरॅमिकला केसभर तडा गेला तरी नवा प्लग मिस मारतो. त्याहून महत्त्वाची कॉइल आहे, जी तुमच्या यादीत नाही. कॉइलचा रबरी बूट बाहेर काढून आत टॉर्च मारा. काळी बारीक, फांद्या फुटलेली रेघ दिसली तर तिथून वीज बाहेर पळते आहे. रात्रीच्या दमटपणात ती वाट आणखी सोपी होते आणि तापल्यावर ओल उडाली की दोष संपतो. डोंगलवर मिसफायरची सिलिंडरनुसार मोजणी मिळत असेल तर पहिल्या मिनिटात कोणत्या सिलिंडरचा आकडा चढतो ते पाहा. दिवा न लागताही ही मोजणी आत साठत असते. समजा दोन नंबर मिस मारतो आहे. दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. मिसफायर कॉइलबरोबर तीनवर गेला तर कॉइल, दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कूलंट. आणि चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील तर एका कॉइलच्या मागे लागू नका. सगळ्यांना समान असलेल्या गोष्टींकडे वळा: तापमानाचा सेन्सर, पेट्रोलचा दाब, बॅटरी, हवेची गळती.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारं इंजिन असेल, तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचे थर साचतात, कारण तिथे पेट्रोलची धुलाई होतच नाही. हवेची वाट वेडीवाकडी होते आणि थंड, संथ आयडलिंगला त्याचा परिणाम आधी दिसतो. पोर्ट इंजेक्शनमध्येही असा थर स्पंजसारखा सुरुवातीचं पेट्रोल शोषून घेतो. टाकीत ओतायच्या क्लीनरचा पोर्ट इंजेक्शनला थोडाफार उपयोग होतो, थेट इंजेक्शनच्या इनटेक व्हॉल्व्हला तो पोचतच नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून यांत्रिक सफाईच करावी लागते.

थ्रॉटल बॉडी साफ झाल्यावर स्कॅनरने आयडलचं रीलर्निंग (ईसीयूला आयडलची नवी स्थिती शिकवणं) केलं का, हे विचारून घ्या. केलं नसेल तर आयडलिंगचा गोंधळ गरम इंजिनावरही दिसतो, त्यामुळे तुमच्या दोषाचं हे मूळ नसावं, पण ते राहून गेलं असेल तर निदानात घोळ घालतं. ऑइलच्या डब्यावरचा डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो: ५डब्ल्यू उणे ३० अंशांना तपासलेलं असतं, १५डब्ल्यू उणे २० ला, २०डब्ल्यू उणे १५ ला. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असताना कोणी २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर सेल्फ जड होणारच.

डिझेलवाल्यांनाही हाच प्रश्न पडतो, पण त्यांचं उत्तर निराळं आहे. तिथे स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं आणि थंडीत ती उष्णता धातू खाऊन टाकतो. हीटर प्लग त्यासाठीच असतात. एक मेला तर गाडी लागते पण थरथरते, डोळे झोंबणारा पांढरा धूर सोडते. इंजिन थंड असताना प्रत्येक हीटर प्लगचा रेझिस्टन्स मोजा: चांगला बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, मेलेला अनंत. सगळे प्लग चांगले निघाले तर त्यांना करंट देणारा रिले पाहा. त्यानंतर इंधन फिल्टर, लाइनमध्ये शिरणारी हवा आणि इंजेक्टरची बॅक लीक (परतीच्या नळीत जादा जाणारं डिझेल). हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारून गाडी लावण्याचा उपाय कधीही करू नका. तापलेल्या प्लगवर तो आतच स्फोटासारखा पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

तुमच्या गाडीत मी पुढच्या थंड सकाळी या क्रमाने जाईन. दार उघडायच्या आधी बॅटरी. मग इग्निशन ऑन करून दोन तापमानं. मग सेल्फ, सिलिंडरनुसार मिसफायर पाहत आणि व्हिडिओ काढत. त्या दिवशी तीनदा किल्लीचा प्रयोग करायचा नाही. तो दुसऱ्या सकाळी, नाहीतर दोन्ही निकाल एकमेकांत मिसळतील. आठवडाभर कूलंटच्या रेघेवर नजर. इंजिन लागतं, थरथरतं आणि मिनिट-दीड मिनिटात मोकळं होतं, या वर्णनावरून माझा पहिला संशय तापमानाच्या सेन्सरवर आणि दुसरा एका कॉइलवर आहे. ठिबकणारा इंजेक्टर त्यानंतर. पण मिसफायर एकाच सिलिंडरचा निघाला आणि कूलंट उतरत असेल तर क्रम उलटा करा आणि गॅस्केटची तपासणी सगळ्यांच्या आधी आणा.

तोवर सकाळी इंजिन लागल्यावर रेस देऊन ते साफ करायचा प्रयत्न करू नका. थंड ऑइल वरपर्यंत पोचलेलं नसतं. अर्धा मिनिट थांबा आणि मग हळू निघा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी चालवू नका. तो लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं आणि त्या उष्णतेने आतला मधपोळ्याचा गाभा वितळतो. दुरुस्ती झाल्यावर गाडी त्याच संध्याकाळी ताब्यात घेऊ नका. रात्रभर तिथेच राहू द्या, सकाळी स्वतः जाऊन पहिला सेल्फ तुम्ही मारा आणि तीच दोन तापमानं व तीच मिसफायरची मोजणी पुन्हा वाचा.